पाम ओळखायचा कसा आणि लावायचा कसा

पाम ओळखायला आधी पान बघा, पंख्यासारखं असेल तर ताडासारख्यातला, पिसासारखं असेल तर नारळ, सुपारी, शिंदी वगैरे. मग पिसाची एक पाती जिथे दांड्याला चिकटते तिथे नीट बघा, घडी वर उघडी म्हणजे V सारखी असेल आणि दांड्याच्या बुडाशी पात्यांचे काटे झाले असतील तर ती शिंदी किंवा खजूर, नारळात हीच घडी उलटी असते. भेरली माडाची पानं माशाच्या शेपटीसारखी, तो लगेच कळतो. आणि सायकस दिसतो पामसारखा पण पाम नाहीच!

बी ताजंच घ्या, गर पूर्ण काढा, एक-दोन दिवस पाण्यात भिजवा आणि 25 ते 35 डिग्रीत ओलसर, निचरा होणाऱ्या मातीत लावा, काही जाती महिनाभरात उगवतात काहींना सहा महिनेपण लागतात त्यामुळे कुंडी फेकू नका प्लीज.

रोप लावताना खोड जास्त खोल पुरू नका. बहुतेक पामच्या खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंडा छाटला की ते खोड गेलंच. हिरवी पानं पण कापू नका, पोटॅशियम कमी पडलं की झाड जुन्या पानांतूनच ते काढून घेतं.