‘फास्ट अँड फ्युरिअस’ बघायला बसताय? या चुका टाळा

आमचे अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. त्यांना ‘फास्ट अँड फ्युरिअस’ दाखवायला बसवलं तेव्हा पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी विचारलं, “अरे, याच्या गाडीला गिअर आहेत तरी किती? मघापासून टाकतोच आहे!”

प्रश्न रास्त होता, पण वेळ चुकली. गाड्यांच्या या हॉलिवूडी चित्रपट-मालिकेत हिशेब मांडत बसणं ही सगळ्यात मोठी चूक. सहाव्या भागात (2013) विमान धावपट्टीवर धावतंय, मागे गाड्या, आत मारामारी, आणि दहा मिनिटं उलटून गेली तरी धावपट्टी संपत नाही. नवव्यात (2021) तर गाडी थेट अंतराळात जाते. गावच्या जत्रेत दशावताराला बसलो की संकासुराला आपण लॉजिक विचारतो का? तशीच बैठक मारून बसायचं.

उलट चूकही होते, ती म्हणजे ‘सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं’ म्हणून हात झटकणं. पाचव्या भागात (2011) दोन काळ्या डॉज चार्जर गाड्या साखळदंड लावून अख्खी तिजोरी रिओच्या रस्त्यांवरून फरफटत नेतात. त्याचं बरंच चित्रीकरण पोर्तो रिकोत झालं, आणि त्यासाठी बनवलेल्या तिजोऱ्यांपैकी एक चक्क चालवता येत होती. आत माणूस बसून ती हाकत होता! हे कळल्यावर अण्णा पहिल्यांदा सरसावून बसले. “ब्रेक कुठे बसवला असेल रे?”

आता खरी चूक. जेवणाचा सीन आला की लोक चहा टाकायला उठतात किंवा पुढे ढकलतात. कृपा करून बसून राहा. पहिल्या भागात (2001) ही टोळी म्हणजे ट्रकमधले डीव्हीडी प्लेअर पळवणारे भुरटे. पण टोळीचा म्होरक्या डॉम, त्याच्या अंगणात जेवणाला एक नियम आहे: ताटात आधी ज्याचा हात जाईल त्याने प्रार्थना म्हणायची. पुढच्या भागांत टेबल लांबतं, माणसं वाढतात, कालचा पोलीस आज घरचा होतो. सहाव्याच्या शेवटी पुन्हा तेच अंगण, तीच प्रार्थना. या टेबलाशी कोण बसतं हे ठाऊक नसेल तर पुलावरून उडणारी गाडी म्हणजे नुसतं भंगार. नुसत्या क्लिप बघून ‘काय फालतूपणा आहे’ म्हणणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं.

क्रमाचा घोळ मात्र मालिकेनेच घातलाय. तिसरा भाग, ‘टोकियो ड्रिफ्ट’, 2006 चा, पण त्याची कथा सहाव्यानंतर घडते. त्यात टोळीतला हान मरतो, आणि चौथ्यात तोच हान हसत उभा! गोंधळायला होत असेल तर तिसरा सहाव्यानंतर बघा. दुसरा सोडलात तरी फार बिघडत नाही, फक्त टोळीतल्या रोमनची ओळख तिथे होते. कुणाला मालिकेची गोडीच लागत नसेल तर पहिला दाखवून सरळ पाचव्यावर न्या. मी तरी तेच करतो.

(इथून पुढे शेवट फोडतोय, सांभाळून.)

‘फॅमिली, फॅमिली’ ऐकून प्रत्येक भागाला डोळे पुसायचे, हीसुद्धा चूकच. आठव्यात (2017) डेकर्ड शॉला त्याच टेबलावर मानाने बसवलं. हा तोच, ज्याने हानला मारलं! चाहते भडकले, आणि बरोबर भडकले. गाडी आकाशातून पडलेली त्यांना चालली होती, पण हे नाही. नवव्यात हानला जिवंत परत आणलं, पण ते बिल चुकतं केल्यासारखं वाटतं.

सातव्यापासून (2015) सुरुवात तर अजिबात नको. घरचा झालेला तो पोलीस रंगवणारा नट पॉल वॉकर 30 नोव्हेंबर 2013 ला अपघातात गेला, चित्रीकरण अर्धवट असताना. त्याचे भाऊ, केलेब आणि कोडी, त्याच्या जागी उभे राहिले आणि चेहरा संगणकावर बसवला. शेवटी डॉमची आणि त्याची अशा दोन गाड्या शेजारी शेजारी धावतात, फाट्यावर त्याची पांढरी सुप्रा वेगळी वळते. आधीचं अंगण पाहिलेलं नसेल तर हे म्हणजे दोन गाड्यांनी दोन रस्ते धरले, इतकंच.

अण्णा तोवर गप्प होते. भावांचं मी सांगितलं तसे म्हणाले, “मागे घे जरा. यात भाऊ कुठला?”

दोनदा मागे घेतलं. मलाही ओळखता आलं नाही.