पिगीबॅक बसवल्यावर आयडल डोलतोय? आधी अर्थिंग तपासा

पिगीबॅक म्हणजे गाडीच्या मूळ ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) जोडलेला, सेन्सरचे सिग्नल बदलणारा जादा ट्यूनिंग बॉक्स. त्याचा मॅप (सिग्नल किती बदलायचा याचा तक्ता) पूर्ण शून्यावर, तरी तो जोडल्यापासून आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचा वेग) वर-खाली होतो किंवा चेक इंजिनचा दिवा लागतो. अशा वेळी ट्यूनिंगला हात लावू नका. दोष बहुतेकदा अर्थच्या वायरीत असतो, कारण ती जवळच्या बॉडी बोल्टला जोडलेली असते.

१. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक प्रोब पिगीबॅकच्या अर्थवर, दुसरा मूळ ईसीयूच्या अर्थ पिनवर.

२. इंजिन चालू करून हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं लावा. फरक १०-२० मिलिव्होल्टच्या वर गेला तर जोडणी चुकली आहे. एअरफ्लो सेन्सरचा (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल आयडलला साधारण १ व्होल्टच असतो आणि अर्थमधला फरक त्यात मिसळतो. तिथे ५० मिलिव्होल्टची चूकसुद्धा हवा-इंधनाचं मिश्रण बिघडवते.

३. बॅटरीची निगेटिव्ह काढा. अर्थची वायर बोल्टवरून सोडवून ईसीयूच्याच पॉवर अर्थ वायरला (ईसीयूचा मुख्य करंट जिच्यातून जातो ती), कनेक्टरपासून ५-७ सेंमीवर सोल्डर करा आणि हीट श्रिंक चढवा. दाबून बसणारे क्लिप कनेक्टर कंपनाने सैल होतात, ते नकोत.

४. मॅप शून्यावरच ठेवून एअरफ्लो सिग्नलचा पिगीबॅकमध्ये येणारा (इनपुट) आणि त्यातून ईसीयूला जाणारा (आउटपुट) व्होल्टेज मोजा. दोन्ही जुळले की मगच ट्यूनिंग.

सावधान: पिगीबॅकची पॉवर अर्थ सेन्सर अर्थच्या (फक्त सेन्सरसाठी असलेल्या) वायरीला कधीच जोडू नका. तिच्यातून करंट वाहिला की सगळ्याच सेन्सरचं रीडिंग सरकतं.