क्षेत्रकार्याची तालीम ओढ्यात उतरूनच होते

क्षेत्रकार्य शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी सांगतो: ड्रोन, सेन्सर, जीआयएस (संगणकावर नकाशे करायची प्रणाली) सगळं नंतर. आधी गुडघ्याखाली पाणी असलेला एखादा ओढा शोधा आणि एकच प्रश्न घेऊन जा. ‘ओढ्याचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते फायलीवर लिहायचं शीर्षक झालं. ‘उपओढा येऊन मिळाल्यावर पाणी किती वाढतं आणि तळाचे गोटे बदलतात का?’ असं विचारलं की कुठे मोजायचं तेही ठरतं: संगमाच्या थोडं वर आणि थोडं खाली.

बरोबर मोजपट्टी, दोरी, खोली मोजायला खुणा केलेली काठी, स्टॉपवॉच, वही आणि शिसपेन्सिल घ्या. पेन नको, ओल्या कागदावर शाई फुटते. एकट्याने जाऊ नका, जमीन कुणाची आहे ते विचारून घ्या, आणि पाणी एकाएकी गढूळ होऊन चढू लागलं तर मोजणी तिथेच टाकून काठावर या. वर कुठेतरी पाऊस झालेला असतो.

पाण्याचं मोजमाप असं करायचं. पात्र सरळ आहे अशा जागी दोरी आडवी ताणा आणि दर अर्ध्या मीटरवर खोली घ्या. समजा पात्र ३ मीटर रुंद आहे आणि खोली १२, २०, २८, २२, १० सेंटिमीटर भरली. दोन्ही काठांवर खोली शून्य, म्हणून बेरीज ०.९२ मीटर, गुणिले ०.५. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ ०.४६ चौरस मीटर आलं. आता वेग. १० मीटरचं अंतर आखून त्याच्या जरा वरून संत्रं सोडा. संत्रंच का? ते बरंचसं पाण्यात बुडून वाहतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, शिवाय लांबून दिसतं. थर्मोकोलचा तुकडा सोडलात तर पाण्याऐवजी वारा मोजून घरी याल.

पाच वेळा सोडल्यावर १९, २१, २०, २६, २० सेकंद आले, तर त्या २६ चं काय? खोडायचं नाही. संत्रं दगडाआड भोवऱ्यात अडकलं होतं हे त्याच वेळी वहीत लिहिलेलं असेल, तरच ते सरासरीतून वगळायचं, आणि अहवालात तसं सांगायचं. ‘आकडा जुळत नाही’ हे कारण चालत नाही. उरलेल्यांची सरासरी २० सेकंद, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी घर्षणामुळे पाणी मंद असतं, म्हणून याला साधारण ०.८५ ने गुणतात. ०.४६ × ०.५ × ०.८५ केलं की सेकंदाला ०.१९५५ घनमीटर, म्हणजे १९५.५ लिटर येतं. पण कॅल्क्युलेटर दाखवतो म्हणून दशांशासकट लिहू नका. या पद्धतीला एवढी अचूकता पेलत नाही. ‘सुमारे २०० लिटर’ हेच प्रामाणिक उत्तर. आणि संगमाखाली २१० आलं, तर ‘पाणी वाढलं’ म्हणायची घाई करू नका, दोन्हीकडे पुन्हा मोजा.

गोट्यांसाठी नद्यांचे अमेरिकी अभ्यासक वोल्मन यांची १९५४ ची पद्धत अजून वापरात आहे. एका काठावरून दुसऱ्या काठाकडे नागमोडी चालत जायचं, पावलागणिक मान दुसरीकडे वळवून बुटाच्या टोकाशी बोट खाली न्यायचं आणि ज्या गोट्याला बोट पहिल्यांदा लागेल तोच उचलायचा. असे १०० गोटे. मान वळवण्याचं मुलांना हसू येतं, पण डोळे उघडे ठेवून निवडले की हात हमखास मोठ्या, गुळगुळीत गोट्यांकडेच जातो. प्रत्येकाला लांब, मधला आणि आखूड असे तीन अक्ष असतात. मोजायचा तो मधला, कारण गोटा चाळणीच्या भोकातून जाणार की नाही हे तोच ठरवतो. आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मध्यक, म्हणजे बरोबर मधोमध येणारा आकडा, काढा. दोन्ही ठिकाणचे मध्यक शेजारी ठेवले की प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग हाती लागतो.

प्रश्न पाण्याच्या गुणवत्तेचा असेल तर तापमान, पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा. बाटलीत घरी नेलेलं पाणी वाटेतच बदलतं. २० अंश सेल्सिअसला गोडं पाणी लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशाला सुमारे ७.६. म्हणून तापमान न लिहिता नोंदलेला ऑक्सिजन कामाचा नाही.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे दिसलं ते: ‘पाणी गढूळ, २० सेंमीवर तळ दिसत नाही’. उजवीकडे वाटलं ते: ‘वरच्या नांगरटीची माती असावी’. दोन्ही लागतात, फक्त एकमेकांत मिसळू नयेत. जागा लिहिताना फोनमधले अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाच अंकांपर्यंत पुरेत. पाचवा अंक जेमतेम एक मीटर दाखवतो आणि फोनची स्वतःची चूक मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर असते, झाडीत त्याहून जास्त.

त्याच संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो काढा आणि आकडे तक्त्यात भरा. मूळ तक्ता जसाच्या तसा ठेवून आकडेमोड त्याच्या प्रतीवर करा. भरताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने टंकायचं. १२ च्या जागी २१ पडलेलं तेव्हाच सापडतं.