इलेक्ट्रिक गाडीने घाटातील टीएसडी रॅली: साताऱ्यात सराव कसा करावा

इलेक्ट्रिक गाड्या आल्या म्हणजे रॅली संपली, असे मानणाऱ्यांनी वाई ते पाचगणी हा पसरणीचा घाट एकदा बॅटरीच्या गाडीने, हातात वेळेचा तक्ता घेऊन चढून पाहावा. जागतिक रॅली स्पर्धेने २०२२ मध्ये स्वीकारलेली हायब्रिड यंत्रणा २०२५ पासून सोडून दिली, हे खरे आहे. परंतु फिया या जागतिक मोटरस्पर्धा संघटनेच्या इको रॅली चषकात वेळेच्या अचूकतेबरोबर खर्च झालेली वीजही मोजली जाते, आणि रॅलीची पुढची वाट मला तेथे दिसते. अशी हिशेबाची रॅली, म्हणजे आपल्याकडील टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स: वेळ, वेग, अंतर), घरच्या गाडीनेही करता येते.

टीएसडीमध्ये आयोजक प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग ठरवून देतात आणि वाटेतील तपासणी नाक्यांवर लवकर पोहोचले तरी दंड बसतो, उशीर झाला तरी बसतो. म्हणून वेगाचे सेकंदांतील रूपांतर प्रथम पाठ करावे: ताशी ३६ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला १०० सेकंद, ३० म्हणजे १२०, ४० म्हणजे ९०. नंतर गाडीचा मीटर तपासावा. खात्रीच्या १० किलोमीटर अंतराला मीटरने १०.२ दाखवले, तर पुढील प्रत्येक आकड्याला ०.९८ ने गुणावे लागते. टायरमधील हवेच्या दाबाने हा गुणक थोडा बदलतो, त्यामुळे ही तपासणी स्पर्धेत ठेवणार असलेल्या दाबावरच करावी.

पेट्रोलच्या गाडीत नॅव्हिगेटरचे, म्हणजे चालकाशेजारी बसून हिशेब ठेवणाऱ्या साथीदाराचे, गणित बहुतांशी येथे संपते; इलेक्ट्रिक गाडीत दुसरे गणित सुरू होते, आणि मला तेच अधिक रसाचे वाटते. दोन माणसांसह १,७०० किलो भरणारी गाडी १०० मीटर उंच नेण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्धच सुमारे ०.४६ युनिट वीज लागते. मोटरमधील व इतर नुकसान धरले की १०० मीटरला अर्धा युनिट हा सोयीचा हिशेब होतो. पाचगणी वाईहून सुमारे ६०० मीटर उंच आहे, म्हणजे नुसत्या चढाईपोटी तीन युनिट जातात. ३० युनिटांच्या बॅटरीचा तो दहावा भाग झाला, आणि अंतर कापण्याची वीज याशिवाय धरावी लागते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर मात्र चढ संपला म्हणून खर्चही उतरेल, असे समजू नये. समोरून वारा असला तर सपाटीवरही बॅटरी भराभर उतरते.

घाट उतरताना मोटर जनित्राचे काम करते आणि चढताना खर्चलेल्या विजेचा काही भाग परत मिळतो. पाचगणीत मुक्काम करून सकाळी १०० टक्के भरलेल्या बॅटरीने घाट उतरायला लागणे, ही येथे होणारी मोठी चूक आहे. भरलेल्या बॅटरीत ही वीज साठवायला जागा नसते. त्यामुळे गाडीला धरून ठेवणारा मोटरचा अवरोध कमी पडतो आणि भार ब्रेकवर येतो. वरून सुरुवात असेल तर चार्जिंग ८५ टक्क्यांच्या आसपास थांबवावे. पावसाळ्यात रिजनची, म्हणजे मोटरने अशी वीज परत मिळवण्याची, पातळी कमी ठेवावी, कारण ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलला की चालक चाकांवर अचानक ब्रेक दाबल्यासारखा परिणाम होतो आणि ओल्या वळणावर ती घसरू शकतात.

ओपेलच्या कोर्सा या इलेक्ट्रिक रॅली गाडीला, ती येत असल्याचे आसपासच्या लोकांना कळावे म्हणून, ध्वनियंत्रणा बसवलेली आहे. ठोसेघरच्या रस्त्याने गुरे घेऊन जाणाऱ्या माणसाला आपली गाडी मागून आलेली ऐकू येत नाही, तेव्हा प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यावा आणि अशी वळणे रोडबुकात, म्हणजे मार्गाच्या नोंदवहीत, लाल शाईने नोंदवावीत. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले कासचे पठार फुलांच्या हंगामात सरावासाठी पूर्णपणे वर्ज्य मानावे.

मुक्कामाच्या ठिकाणी १५ अँपिअरचा सॉकेट आणि योग्य अर्थिंग आहे का, हे निघण्यापूर्वीच फोनवर विचारून घ्यावे. अर्थिंग नसल्यास बहुतेक चार्जर वीज घेतच नाहीत. अशा सॉकेटवरून तासाला साधारण तीन युनिट मिळतात, म्हणजे पसरणीच्या एका चढाईची भरपाई व्हायला तासभर पुरतो.

प्रत्येक फेरीनंतर वेळेतील फरक, खर्च झालेले युनिट आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. चढ आणि उतार यांचे आकडे वेगवेगळ्या पानांवर नोंदवावेत, म्हणजे पुढच्या फेरीत कोणत्या वळणावर पाय किती लवकर उचलायचा हे चालकाला नेमके सांगता येते.