कोरलने मान टाकली तर

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं कोरल (प्रवाळ) आजारी दिसलं की बहुतेकांचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. माझा बॅटरीकडे जातो. मांस नेमकं कुठून सुटतंय हे कळल्याशिवाय मी टँकमध्ये थेंबभरही काही ओतत नाही.

अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं कडक कोरल) बुडापासून वर पांढरा होत चालला असेल, तर माझा पहिला संशय अल्कलिनिटीवर, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवायच्या ताकदीवर. ती मधल्या काळात वरखाली झालेली असते. नुसती टोकं करपली असतील तर बऱ्याचदा अल्कलिनिटी जास्त आणि नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्य, असा जोडीचा प्रकार निघतो. एकाच बाजूला जखम असेल तर शेजारी कोण बसलंय ते बघा. गॅलॅक्सिया हे कोरल दिवसा अगदी गरीब गाय. दिवे गेले की लांब पारदर्शक दोरे सोडून शेजाऱ्याला डसतं. रात्री लाल प्रकाशात पाहिलं तर चोर सापडतो.

पांढरं म्हणजे मेलेलंच असं नाही. बॅटरी तिरकी धरा. पांढऱ्यावर काचेसारखा पातळ पडदा आणि पॉलिपची (कोरलच्या एकेका इवल्या जिवाची) हालचाल दिसली, तर कोरल जिवंत आहे. त्याच्या मांसात राहणारं शैवाल, म्हणजे झूझॅन्थेली, तेवढं निघून गेलंय. सांगाड्याच्या कडा उघड्या आणि धारदार दिसल्या तर तो भाग संपला. थोड्याच दिवसांत त्यावर शेवाळ धरेल. लेदर नावाचं मऊ कोरल मिटून बसलं आणि अंगावर मेणचट पापुद्रा आला, तर मात्र घाबरायचं कारण नाही. ते कात टाकतंय. प्रवाह जरा वाढवा आणि त्याच्या वाटेला जाऊ नका.

मग मोजमाप. खारटपणा 35 पीपीटी (हजारात भाग), तापमान 25-26 अंश, अल्कलिनिटी 8-9 डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), कॅल्शियम 400-450 पीपीएम (दशलक्षात भाग), मॅग्नेशियम 1250-1350 पीपीएम. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसता आरओच्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही, 35 पीपीटीच्या द्रावणावरच तपासा. हे यंत्र बिनदिक्कत खोटं बोलतं. आकडा चुकलेला निघाला तरी घाई नको. अल्कलिनिटी दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कोरल सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळणार नाही.

रंग उडालेल्या कोरलला सावली आणि खाणं लागतं. प्रकाश निम्म्यावर आणा. मोठ्या तोंडाच्या जातींना पंप बंद करून बारीक चिरलेली मायसिस (कोळंबीसारखा छोटा जीव) ड्रॉपरने तोंडाशी द्या. रंग परतायला आठवडे लागतात, कधी महिने. तेवढा धीर नसणाऱ्यांनी रोज फोटो काढू नयेत, फरक दिसत नाही आणि हात शिवशिवतात.

धीर धरू नये असे दोन प्रसंग आहेत. पहिला ब्राउन जेली. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन या कोरलच्या एखाद्या डोक्यावर तपकिरी, शेंबडासारखा लगदा दिसतो आणि बाहेर काढलं की सडका वास येतो. आधी पॉवरहेड (प्रवाहाचा पंप) बंद करा, नाहीतर तो लगदा शेजारच्या डोक्यांवर उडेल. बारीक नळीने तो ओढून टाका, मग कोरल बाहेर काढून आजारी डोकं फांदीसकट कापा. उरलेल्याला टँकच्याच पाण्यात आयोडीनचा डिप द्या, म्हणजे त्यात थोडा वेळ बुडवून काढा, आणि जमलं तर वेगळ्या टँकमध्ये ठेवा. ते आजारी डोकं वाचवायचा मोह मला अजिबात पटत नाही. त्यापायी सगळी वसाहत जाते.

दुसरा प्रसंग म्हणजे अ‍ॅक्रोपोराचं मांस तासातासाने सुटत जाणं, ज्याला आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस) म्हणतात. इथे बोन कटर घ्या आणि पांढऱ्या रेघेवर न कापता तिच्यापुढे, निरोगी मांसात सेंटिमीटरभर आत कापा. तुकडे जेल सुपरग्लूने प्लगवर (कोरल बसवायच्या छोट्या बैठकीवर) चिकटवून मध्यम प्रकाशात ठेवा. सगळे जगतीलच असं नाही, म्हणून एकापेक्षा जास्त काढा.

डिपबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यातून कोरल खाणारे चपटे किडे गळून पडतात, पण त्यांची अंडी मरत नाहीत. बुडाशी तपकिरी ठिपक्यांचा पुंजका दिसला तर तो खरवडून काढा, किंवा तेवढा सांगाडाच कापून टाका, आणि आठवड्याने पुन्हा डिप द्या.

झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे कोरलचे भाऊबंद) हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोअँथिड असलेला दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नका. त्या वाफेने घरातली माणसं, जनावरं आजारी पडू शकतात.

मेलेलं मऊ कोरल लगेच बाहेर काढा, ते सडून अमोनिया वाढवतं. कडक कोरलचा सांगाडा मात्र, त्यावर मांस राहिलं नसेल तर, मी काही महिने टँकमध्येच ठेवते. एखाद्या खाचेत उरलेला पॉलिप कधी कधी पुन्हा पसरायला लागतो.