चरित्र अभिनेता होऊ पाहणाऱ्यांसाठी

नायिकेचा बाप, गावचा तलाठी, खाष्ट मावशी, ठाण्यातला हवालदार अशा भूमिकांवर ज्यांचे घर चालते त्यांना आपल्याकडे चरित्र अभिनेते म्हणतात, आणि मी गेली अनेक वर्षे त्यांच्यापैकी एक आहे. ही वाट पहिल्यापासून स्वतःहून निवडावी, असे मला मनापासून वाटते. नायकपद हुकले म्हणून इकडे वळलेला नट आपण मध्यभागी नसल्याचे दुःख घेऊन प्रत्येक प्रवेशात उभा राहतो, आणि कॅमेऱ्याला ते लगेच दिसते.

नायकाला प्रेक्षकांशी ओळख वाढवायला सबंध कथा मिळते. आपल्या वाट्याला बहुधा दोन-चार प्रवेश येतात, त्यामुळे माणूस पहिल्याच वाक्याबरोबर पूर्ण उभा राहावा लागतो. संहिता हाती आली की मी आधी एवढेच शोधतो की हा माणूस इथे येण्यापूर्वी काय करत होता, त्याला समोरच्याकडून काय हवे आहे आणि तो कोणाला घाबरतो. तलाठी करायचा असेल तर तलाठी कार्यालयाच्या बाकावर अर्धा दिवस बसून यावे. अर्जदार बोलत असताना तो मान वर करतो का, सही करण्याआधी कागद किती वेळ हातात धरून ठेवतो, हे तिथेच कळते. बोलीचेही तसेच आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी आणि कोल्हापुरी यांना एकाच ‘ग्रामीण’ सुरात बसवणे हा त्या बोली बोलणाऱ्यांवर अन्याय आहे. त्या भागातल्या माणसाकडून आपली वाक्ये वाचून घ्यावीत आणि ध्वनिमुद्रित करून घोटावीत.

या बाबतीत निळू फुले यांचे काम नवोदितांनी पुन्हापुन्हा पाहावे. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून लोकनाट्याकडे आलेला हा नट १९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’तून चित्रपटात आला आणि १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’ या नाटकात शीर्षकभूमिकेत उभा राहिला. त्यांचा खलपुरुष अनेकदा आवाज न चढवता, शब्द सावकाश सोडत बोलतो, आणि समोरच्याला दरारा वाटतो तो त्या संथपणाचा.

आपल्या कामाचा मोठा भाग ऐकण्याचा असतो. मालिकेत नायिका बोलत असते तेव्हा संकलक मधेमधे सासऱ्याचा, दिराचा, मोलकरणीचा चेहरा लावतो. तिथे तुम्ही आपल्या पुढच्या वाक्याची वाट पाहत असाल तर तो चेहरा रिकामा दिसतो. तेच दृश्य वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा घेतले जाते, म्हणून कोणत्या शब्दाला कप उचलला आणि कोणत्या हाताने, हे लक्षात ठेवायला शिकावे. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे लागते, क्लोज-अपमध्ये तेवढाच भाव नुसत्या पापणीवर भागतो. तरीही सुरुवात रंगभूमीवरच करावी, असे माझे मत आहे, कारण सलग दोन-अडीच तास भूमिकेत राहण्याची सवय दुसरीकडे लागत नाही. पुण्यात १९६३ पासून होणारी महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धा या त्यासाठी चांगल्या जागा आहेत. वयाची भीती मात्र बाळगू नये. डॉ. श्रीराम लागू शल्यचिकित्सक होते आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ अभिनयाकडे वळले.

आता पैशाचे, कारण याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. नाटकात ‘नाईट’ म्हणजे प्रयोगागणिक मानधन मिळते. मालिकेत दिवसाचा दर ठरतो, दिवस साधारण बारा तासांचा असतो, आणि रक्कम अनेक ठिकाणी तीन महिन्यांनी हातात येते. त्यातच कथेने वळण घेतले की तुमचे पात्र गावी पाठवले जाते आणि पुढच्या महिन्यात एकही दिवस लागत नाही. म्हणून काही महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय नोकरी सोडू नये. करारात महिन्याला किमान किती दिवस मिळणार, दुसरी मालिका करण्यास मनाई आहे का, सातारा किंवा कोल्हापूरला चित्रीकरण असल्यास राहण्याचा खर्च कोणाचा, हे वाचूनच सही करावी. ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नये.

सर्वांत जास्त संबंध बिघडतात ते तारखांवरून. शनिवार-रविवारचे प्रयोग आधीच ठरलेले असतील तर मालिकेच्या निर्मिती व्यवस्थापकाला ते सुरुवातीलाच लेखी कळवावे आणि त्याचे उत्तर जपून ठेवावे. दाढी-केसांचाही विचार तारखांसारखाच करावा लागतो: एका मालिकेत पांढरी दाढी ठेवलेली असताना चित्रपटासाठी ती काढायची असेल, तर होकार देण्यापूर्वी दोन्हीकडच्या दिग्दर्शकांशी स्वतः बोलावे.