अटलांटिकचा हरिकेन सीझन कसा फॉलो करायचा, नकाशात नेमकं काय बघायचं

फ्लोरिडा, टेक्सास नाहीतर कॅरिबियन बेटांवर आपलं कुणी राहत असेल तर जून लागला की जीव टांगणीला लागतो आणि त्यात भर म्हणजे व्हॉट्सॲपवर लाल-जांभळे नकाशे फिरायला लागतात, कोणी काढले, कधीचे, काही पत्ता नसतो. मी बरीच वर्षं हे रोज बघतेय, तर कुठे बघायचं आणि काय सोडून द्यायचं ते सांगते.

सीझन अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर. पण सहाही महिने सारखा जोर नसतो, खरी धामधूम ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि १० सप्टेंबरच्या आसपास शिगेला. कारण तोवर समुद्र चांगला तापलेला असतो (साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर पाणी लागतं), वरच्या आणि खालच्या वाऱ्यांतला फरक, ज्याला विंड शिअर म्हणतात, तो कमी झालेला असतो आणि आफ्रिकेकडून हवेच्या लहरी एकामागून एक येतच असतात. तरी जून-जुलैमधे निर्धास्त राहू नका, २०२४ मधे बेरिल नावाचं वादळ जुलैच्या दुसऱ्याच तारखेला कॅटेगरी ५, म्हणजे वाऱ्याच्या वेगाच्या सगळ्यात वरच्या पायरीचं, झालं होतं, इतक्या लवकर अटलांटिकमधे त्याआधी कधीच नोंद नव्हती.

सीझनच्या आधी अंदाज येतात, यंदा इतकी वादळं होणार वगैरे. सरासरी १४ नाव दिलेली वादळं, त्यातली ७ हरिकेन आणि ३ मोठी, म्हणजे कॅटेगरी ३ किंवा वरची. हे आकडे वाचा, पण त्यावर घरच्यांची तयारी ठरवू नका. १९९२ चं वर्ष एकदम शांत होतं, पहिलं नाव द्यायलाच ऑगस्ट उजाडला, आणि ते पहिलं वादळ होतं अँड्र्यू, दक्षिण फ्लोरिडात कॅटेगरी ५. आपल्या माणसाच्या घरावर एक आलं तरी सीझन वाईटच.

आता रोजचं काम. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची साइट उघडा, तिथे सात दिवसांचा आउटलुक, म्हणजे पुढचा अंदाज, असतो. समुद्रावर रंगीत डाग दिसतात, पिवळा म्हणजे वादळ तयार व्हायची शक्यता ४० टक्क्यांच्या खाली, केशरी ४० ते ६०, लाल त्याच्या वर. डागाचा आकार म्हणजे वादळाचा आकार नाही हं, त्या भागात कुठेतरी तयार होऊ शकतं एवढाच अर्थ. डाग नसेल तर दिवसभर परत बघायची गरज नाही, खरंच नाही.

वादळ तयार झालं की दर सहा तासांनी पूर्ण ॲडव्हायजरी, म्हणजे वादळाचं अधिकृत माहितीपत्रक, येते. तिकडच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ११, म्हणजे आपल्याकडे दुपारी २:३०, रात्री ८:३०, पहाटे २:३० आणि सकाळी ८:३०. मी ८:३० च्या दोन्ही बघते, मधल्या वेळात न्यूज चॅनेल बघून नुसता जीव खालीवर होतो. किनाऱ्यावर इशारे लागले की मधेही एक छोटी ॲडव्हायजरी येते, तेव्हा दर तीन तासांनी बघा.

आणि आता नकाशावरचा तो कोन, आइस्क्रीमच्या कोनासारखा पुढे पसरत जाणारा पट्टा, मधोमध केंद्राच्या अंदाजी वाटेची काळी रेघ. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोन फक्त वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं ते सांगतो, आणि तेसुद्धा मागच्या पाच वर्षांतल्या चुका मोजून, साधारण तीनपैकी दोन वेळा केंद्र त्यात राहील असा आखलेला. म्हणजे तीनात एकदा बाहेर जाणार हे धरूनच चालायचं. नुकसान कुठवर होईल ते कोन सांगतच नाही, वारा-पाऊस-समुद्र कोनाच्या बाहेर कितीतरी दूर पोचतो. २०२२ मधे इयान येत होतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष टॅम्पाकडे, माझी मावसबहीण त्याच्या बरीच दक्षिणेला, फोर्ट मायर्सजवळ राहते, ती फोनवर म्हणाली "अगं ताई, रेघ आमच्यावरून नाहीये, आम्ही कडेला आहोत." मी म्हटलं कडेला म्हणजे आतच ना गं, निघ तू. ती निघाली म्हणून आज हे शांतपणे लिहितेय, कारण २८ सप्टेंबरला केंद्र दक्षिणेकडेच किनाऱ्याला लागलं आणि फोर्ट मायर्स बीचवर जमिनीच्या वर १० ते १५ फूट पाणी चढलं. मधली काळी रेघ दाखवायची सोय आहे तशीच लपवायचीही आहे, लपवून ठेवा.

कॅटेगरीचंही तसंच. ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते, ताशी ११९ किलोमीटरला कॅटेगरी १ आणि २५२ च्या वर ५. पण १९६३ ते २०१२ या ५० वर्षांत अटलांटिकच्या वादळांनी अमेरिकेत थेट जे बळी गेले त्यातले सुमारे ९० टक्के पाण्यामुळे, त्यातही जवळपास निम्मे एकट्या स्टॉर्म सर्जने, म्हणजे वाऱ्याने ढकलत आत आणलेल्या समुद्राने. २०१७ चं हार्वे तर किनाऱ्याला लागल्यावर एका दिवसात साधं ट्रॉपिकल स्टॉर्म, म्हणजे हरिकेनहून कमी वाऱ्याचं वादळ, झालं होतं, पण टेक्सासवर अडकून बसलं आणि एका ठिकाणी १,५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. म्हणून सर्जचा नकाशा आणि पावसाचा नकाशा वेगळे उघडून बघायचेच, कोन बघून थांबायचं नाही.

वॉच आणि वॉर्निंग यात लोक गोंधळतात. वॉच म्हणजे धोक्याची शक्यता आणि जोराचे वारे यायला साधारण ४८ तास, वॉर्निंग म्हणजे धोका जवळजवळ नक्की आणि ३६ तास. निघायचं असेल तर वॉचलाच पेट्रोल भरून, औषधं, कागदपत्रं बॅगेत टाकून तयार व्हायला सांगा, वॉर्निंगला रस्ते तुंबतात. आणि फ्लोरिडात असतील तर आत्ताच त्यांच्या पत्त्यावरून इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घरं रिकामी करायचा विभाग, काढून ठेवा, ए, बी, सी अशी अक्षरं असतात. हा झोन आणि वादळाची कॅटेगरी या दोन वेगळ्या गोष्टी, झोन रिकामा करायला सांगितला की निघायचं, "अजून कॅटेगरी दोनच तर आहे" म्हणत बसायचं नाही.

इंग्रजी वाचायला त्रास नसेल तर ॲडव्हायजरीसोबतचं डिस्कशन जरूर वाचा, अंदाज करणारा माणूस स्वतः लिहितो की मॉडेल्समधे, म्हणजे कॉम्प्युटरच्या अंदाजांमधे, एकमत आहे का, विमानाने वादळात शिरून काय मोजलं, त्याला स्वतःला किती खात्री आहे. मला सगळ्यात जास्त भरवसा यावर. दहा-पंधरा दिवस पुढचे एकाच मॉडेलचे नकाशे मात्र फॉरवर्ड करू नका, दर सहा तासांनी ते वादळ शंभर मैल इकडे-तिकडे करतात आणि तिकडची माणसं उगाच घाबरतात, मग खऱ्या इशाऱ्याला कंटाळतात.

किनाऱ्यावरून वादळ आत गेलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो, तो टाकू नका. २०२४ मधे हेलीन २६ सप्टेंबरला फ्लोरिडात आलं आणि भयंकर पूर आले ते शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, ॲशव्हिलच्या बाजूला. तेव्हा पुढचे दोन-तीन दिवस पावसाचा नकाशा चालू ठेवा आणि त्या वाटेवर डोंगरात, नदीकाठी कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही एक फोन करा.